जुन्या स्क्रीनवरचे चेहरे

कस्तुराने ओला रुमाल डोळ्यांवरून उचलला, घडी फिरवून टेबलाच्या कडेला ठेवला आणि कैलासवासी आबाजींच्या डाव्या गालावरची सावली काढायला पुन्हा माऊस हातात धरला. फोटो कुणाच्या तरी लग्नातला होता. आबाजींच्या डोक्यावर फेटा होता आणि खांद्यावर दुसऱ्याच कुणाचा हात राहिला होता. तो हात तिने मघाशीच उडवला होता. आता चेहरा राहिला होता, आणि वेळ लागतो तो चेहऱ्यालाच. बाकी समई, फुलं, 'भावपूर्ण श्रद्धांजली'ची अक्षरं सगळं तयार पडलेलं असतं; माणूस तेवढा बदलायचा.

"ताई, आबांचं झालं का?" आतल्या खोलीतून गणराजने विचारलं. आत फ्लेक्सचं मशीन खरखरत होतं आणि शाईचा तो डोक्यात जाणारा वास दाराखालून बाहेर येत होता.

"गाल राहिलाय."

"दशक्रिया उद्या सकाळी हाय. गालासाठी काय कावळा थांबायचा न्हाई."

कस्तुरा डोळे बारीक करून स्क्रीनमध्ये घुसली. घुसली म्हणजे अगदी नाक टेकेल इतकी. हा मॉनिटर गणराजने दुकान टाकलं तेव्हा पिंपरीतल्या कुठल्याशा ऑफिसच्या भंगारातून उचललेला. त्याच्या आतला दिवा पार म्हातारा झाला होता. पांढरं होतं ते पिवळट दिसायचं, पिवळं होतं ते मळकट दिसायचं, आणि उजव्या कोपऱ्यात तर कायम संध्याकाळ. उजेड वाढवायचं बटण दाबून दाबून आत गेलं होतं, त्याच्यापुढे वाढायला काही उरलंच नव्हतं. दुपार झाली की कस्तुराच्या डोळ्यांत वाळू गेल्यागत व्हायचं, चारनंतर कपाळ ठणकायला लागायचं, आणि घरी गेल्यावर ती स्वयंपाकघरात दिवा न लावता नुसती बसून राहायची. कुकर मुलगी लावायची, वर्षाली. नवऱ्याची चाकणची सेकंड शिफ्ट असली तर तेवढंच बरं, निदान बोलावं तरी लागायचं नाही. कधीकधी बाईला वाटायचं, दोन्ही डोळे काढून पाण्याच्या वाटीत ठेवावेत आणि सकाळी परत घालावेत.

पण नाव होतं हं तिचं. बीडकडून नवऱ्याच्या मागे चिखलीत आलेली, चाळीतल्या क्लासात टायपिंग शिकलेली ही बाई, आणि आज मोशीपासून दिघीपर्यंतची माणसं गणराजच्या दुकानात तिच्यासाठी येत होती. वाढदिवस असो, वास्तुशांत असो नाहीतर मयत, कस्तुराताईंच्या हातून गेलेला चेहरा उजळून निघायचा. काळपट माणूस गव्हाळ व्हायचा आणि गव्हाळ माणूस गोरा. शेजारपाजारच्या दुकानदारांनी किती खटपटी केल्या, तसं कुणाला जमलं नाही. तिला विचारलं तर ती म्हणायची, मी काही वेगळं करत नाही, डोळ्यांना बरं दिसेपर्यंत करते. आणि ते अगदी खरं होतं.

आबाजींचा गाल उजळला. तिने फाईल गणराजकडे सोडली आणि तेवढ्यात फोन वाजला. सुमनताई होत्या. तिच्याच इमारतीत खाली राहायच्या, आणि वर्षालीच्या स्थळांचं त्यांनीच मनावर घेतलं होतं.

"कस्तुरा, अगं त्या भोसरीवाल्यांचा नकार आलाय."

"आता काय म्हणतात?"

"काय म्हणायचंय, तेच. मुलगी चांगली आहे, पण फोटोत वेगळी दिसते."

"वेगळी म्हणजे?"

सुमनताई थोड्या अडखळल्या. "अगं, लोकांचं काय. बरं, नगरकडची एक माणसं आहेत, मुलगा चाकणला इंजिनियर आहे. पुढच्या रविवारी येतो म्हणालेत. फोटो अजून दिलेला नाही मी. तोच देऊ का दुसरा काढताय?"

"तोच द्या. काय वाईट आहे त्याच्यात?" कस्तुराचा आवाज चढला. "बहाणे असतात सुमनताई हे. सरळ सांगायचं नसतं, मग फोटोवर ढकलायचं."

"बघ बाई, दोनचार दिवसांत सांग मला," म्हणून सुमनताईंनी फोन ठेवला.

वर्षाली बापावर गेली होती. उंच, सावळी, मोठ्या कपाळाची. हसली की सगळा चेहरा हसायचा. तो फोटो तिच्या मैत्रिणीने दुर्गा टेकडीवर काढला होता, आणि मागची माणसं, कचऱ्याचा डबा घालवून कस्तुराने तो इथेच, ह्याच टेबलावर तयार केला होता. चांगला आला होता. सगळे म्हणाले होते चांगला आलाय. आणि तरी पोरगी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली की समोरच्यांची नजर आधी तिच्याकडे, मग मोबाइलकडे आणि मग एकमेकांकडे जायची. हे कस्तुराने प्रत्येक वेळी बघितलं होतं. आणि प्रत्येक वेळी तिने मनातल्या मनात त्या लोकांना शिव्या दिल्या होत्या.

शनिवारी वर्षालीला सुट्टी. दुपारी ती आईचा डबा घेऊन दुकानात आली, तेव्हा कस्तुरा डोळ्यांवर रुमाल टाकून खुर्चीत मागे रेलली होती.

"परत?" वर्षालीने डबा ठेवला. "आई, डॉक्टर काय म्हणाल्या होत्या?"

"नंबर वाढलेला नाही म्हणाल्या. डोळे कोरडे पडलेत. थेंब टाका, मधेमधे लांब बघा."

"आणि?"

"आणि जमलं तर स्क्रीन बदला."

वर्षालीने खिशातून मोबाइल काढला, कॅमेरा चालू करून मॉनिटरसमोर धरला. "इकडे बघ."

मोबाइलमध्ये स्क्रीनवरून काळपट पट्टे सरकत होते, एकामागून एक. कस्तुराने मान वर करून नुसत्या डोळ्यांनी बघितलं, तिथे काहीच नव्हतं.

"तुला दिसत नाही, पण हा दिवसभर उघडझाप करतोय तुझ्या तोंडावर. मॉनिटर नाहीये हा, डबा आहे." मग ती आतल्या दाराकडे वळली. "गणादादा! जरा बाहेर या."

गणराज हात पुसत बाहेर आला. गावातला जुना माणूस. शेत होतं तिथे आता इमारती होत्या आणि त्यातल्याच एका इमारतीखाली हे दुकान. मनाने चांगला, पण खर्चाचं नाव काढलं की त्याला मशीनमध्ये काहीतरी बिघडल्याची आठवण यायची.

"दादा, आमच्या हिंजवडीच्या ऑफिसात असला मॉनिटर दिला ना, तर पोरं दुपारीच कॅब बोलवून घरी जातील. आईचे डोळे गेले तर तुमचे चेहरे कोण करणार?"

शेवटचं वाक्य बरोबर लागलं. गणराजने डोकं खाजवलं. "बघतो की. सोमवारी बघतो."

सोमवारी त्याने भाच्याचा गेम खेळायचा मॉनिटर आणून ठेवला. तो वाकडा होता, धनुष्यासारखा, आणि त्याची काच अशी चकचकीत की रस्ता सगळा त्याच्यातच. टेम्पो गेला की मजकुरावरून टेम्पो जायचा. समोरच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग चालू झालं की अक्षरांत ठिणग्या. आणि जिथे काळा रंग असेल तिथे कस्तुराला स्वतःचंच थकलेलं तोंड दिसायचं. नशीब, त्या दिवशी नुसतं लग्नपत्रिकांचं काम होतं, चेहरे नव्हतेच. पांढरा रंग तर असा की कुणी डोळ्यांत बॅटरी मारतंय. उजेड कमी केला तर डोळे आणखीच चुरचुरायला लागले. संध्याकाळी ती पायरीवर जाऊन बसली आणि तिला कोरडी ओकारी आली.

ते बघून गणराज चरकला. "न्हाई न्हाई, हे काय कामाचं न्हाई," म्हणाला, आणि मंगळवारी पिंपरीच्या एका दुकानदाराकडून तिसरा मॉनिटर आला. ठेवून जाणारा सांगून गेला, शनिवारपर्यंत वापरा. पटला तर ठेवा, नाहीतर मी येऊन घेऊन जातो.

हा सपाट होता. काचेला चकाकी नव्हती. वहीच्या कागदासारखा शांत पांढरा. वर-खाली करता येत होता, तो कस्तुराने तिच्या नजरेच्या जरा खाली घेतला. वर्षालीने सांगितलं होतं म्हणून मोबाइल धरून बघितला. पट्टे नव्हते. तिने दिवसभर काम केलं. चार वाजले, पाच वाजले, आणि ती कपाळ ठणकायची वाट बघत बसली. ते ठणकलंच नाही. ओला करून ठेवलेला रुमाल टेबलावर तसाच वाळून गेला.

त्या दिवशी घरी जाऊन तिने थालीपीठं लावली. स्वतः, दिवा लावून, उभं राहून. नवरा नेमका घरी होता, तो म्हणाला, "आज काय आहे? सण आहे का कुठला?" तिने नुसतं हसून त्याच्या ताटात लोण्याचा गोळा टाकला. वर्षाली कॅबमधून उतरून आली आणि वासानेच दारात थबकली. किती दिवसांनी तिघं एका वेळी जेवायला बसली होती! जेवताना कस्तुराच्या मनात एकच होतं, हा मॉनिटर जाता कामा नये. काय वाटेल ते होवो, शनिवारी हा दुकानातच राहिला पाहिजे.

बुधवारी तिने नव्या स्क्रीनवर गावचे पुढारी भाऊ, त्यांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स केला. मधे भाऊ, हात जोडून, आणि खाली दोन ओळींत सगळे कार्यकर्ते. एकेक चेहरा तिने नेहमीसारखाच केला, डोळ्यांना बरा दिसेपर्यंत. काम भराभर झालं, स्वतःलाच नवल वाटावं इतकं.

गुरुवारी सकाळी ओंकार दुकानात आला. भाऊंच्या मागेपुढे असणारा पोरगा; सगळ्या फ्लेक्सची ऑर्डर तोच द्यायचा. त्याने गाडी नीट लावलीसुद्धा नाही.

"गणाभाऊ, काय केलंय राव हे?" त्याने मोबाइल पुढे केला. चौकात टांगलेल्या फ्लेक्सचा फोटो होता.

गणराजने निरखून बघितलं. "काय झालं? भाऊच हायेत की."

"भाऊच हायेत, तेच म्हणतोय ना मी! असे भाऊ घरी दिसतात. फ्लेक्सवर असे दिसतात का?" ओंकारने फोटो मोठा केला. "आणि मी बघा. माझी आई म्हणाली, तुला काय कावीळ-बिवीळ झाली होती का. भाऊ काळे आलेत भावा, भाऊ! वर्षभरात एकदा वाढदिवस येतो माणसाचा."

"प्रूफ पाठवलं होतं की. तू ओके म्हणालास."

"मी उघडून कुठं बघतो? कस्तुराताईंचं काम म्हटल्यावर काय बघायचं?"

दुपारपर्यंत दुसरा देतो म्हणून गणराजने ओंकारला कसंबसं वाटेला लावलं, आणि मग कस्तुराच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला.

"ताई, राग मानू नका. डोळं जास्तच बिघडलं का?"

"नाही हो. उलट बरे आहेत." तिचा आवाज बारीक झाला. "नेहमीसारखंच केलंय मी. देवाशपथ."

गणराजने खाली ठेवलेला जुना मॉनिटर उचलला, फुंकर मारली, नव्याच्या शेजारी मांडला आणि दुसरी वायर जोडली. आता एकच चित्र दोन्हीवर दिसत होतं. नव्यावर भाऊ होते तसे, जुन्यावर भाऊ रापलेले, अंधारात बसल्यासारखे.

"आबांची फाईल उघडा बरं," तो म्हणाला.

तिने उघडली. जुन्या स्क्रीनवर आबाजी ठीक होते, फेट्याखाली छान गव्हाळ चेहरा. नव्या स्क्रीनवर आबाजी म्हणजे चुन्यातून काढल्यागत पांढरेफटक. ओठांनाही रंग नव्हता. गणराजने आणखी एक उघडायला सांगितली, मग आणखी एक. वास्तुशांतीची जोडपी, नगरसेवकाची तिकिटं मागणारी पोरं, पहिल्या वाढदिवसाची बाळं. सगळी पिठाच्या गिरणीत राहून आल्यासारखी.

गणराज आधी हसला. पोट धरून हसला. "आयला! म्हंजी डब्यात अंधार, म्हणून तुम्ही उजेड वाढवीत व्हता, आन् छापून बाहेर आलं की माणूस गोरा! आन् आमी म्हणतोय ताईंच्या हाताला गुण हाय. हाताला कुठला, डब्याला गुण हाय!"

तो काही वाईट मनाने बोलला नव्हता. पण कस्तुराला लागलं. इतक्या वर्षांत ह्या गावात तिचं स्वतःचं म्हणून जे काही होतं ते एवढंच होतं, आणि ते भंगारातल्या मॉनिटरचं निघालं. तिला रडूच आलं असतं, पण ओंकारचा फ्लेक्स करायचा राहिला होता.

हसून झाल्यावर गणराज गंभीर झाला. "आता कसं करायचं? लोकांना तर तसंच लागतंय. मी म्हणतो ताई, जुनाच लावू परत. शनिवारी तो माणूस आला की हा दिऊन टाकू. तुम्हाला थेंब-बिंब काय लागतील ते मी आणतो."

"आधी भाऊंचं करू," ती म्हणाली.

तिने ते नव्या स्क्रीनवरच केलं. भाऊंचा चेहरा बरा दिसला तिथे ती थांबली नाही. तिथून पुढे गेली. चेहरा फिका झाला, मग पिठूळ झाला, गालावरचा तीळ पुसट झाला. डोळा सांगत होता बास, आणि हात पुढेच जात होता. कार्यकर्त्यांचंही तसंच. आजवर तिने हेच केलं होतं, फक्त आज कळून सवरून करत होती. फ्लेक्स छापून झाला तेव्हा गणराजने बघून मान डोलवली. नेहमीचा, अगदी नेहमीचा. तो गुंडाळून, शिडी आणि दोरी घेऊन तो स्वतः चौकात टांगायला गेला.

दुकानात ती एकटी राहिली. तिने डबा उघडला, भाकरीचा तुकडा मोडला आणि तो तसाच हातात राहिला. मग तिने भाकरी खाली ठेवली, हात पुसला आणि वर्षालीची फाईल उघडली.

नव्या स्क्रीनवर एक मुलगी होती. वर्षालीचा निळा ड्रेस घातलेली, वर्षालीसारखी हसणारी. तिच्या कपाळाला रंग नव्हता, गालाला रंग नव्हता, नाकाच्या बाजूच्या बारीक सावल्या गेल्या होत्या आणि त्यांच्याबरोबर नाकही सपाट झालं होतं. कस्तुरा बघत राहिली. एवढी स्वच्छ स्क्रीन, एवढे निवलेले डोळे, बघायचं नाही म्हटलं तरी सगळं दिसत होतं. ही पोरगी कोण होती? आणि हिला बघायला आलेल्या माणसांसमोर वर्षाली चहाचा ट्रे घेऊन जात होती, एकदा नाही, कितीतरी वेळा.

बहाणे नव्हते ते. लोक खरं बोलत होते, आणि ती त्यांना शिव्या घालत होती.

मैत्रिणीने मुळात पाठवलेला फोटो तिने शोधून काढला. टेकडीवरचं ऊन, मागचा कचऱ्याचा डबा, आणि मधे वर्षाली, जशी ती सकाळी कॅबची वाट बघत फाटकाशी उभी असते तशी. कस्तुराने फोटोतला तो डबा काढला, मागची माणसं काढली. चेहऱ्याला माऊस लावला नाही.

शनिवारी दुपारी मॉनिटर न्यायला माणूस आला आणि दारात उभा राहिला. गणराजने कस्तुराकडे बघितलं. त्याला वाटलं होतं ती नुसती मान हलवेल, वायर काढून देईल. ती जागची हलली नाही.

"हा राहू द्या, गणाभाऊ."

"ताई, पण लोकांना..."

"लोकांना गोरं करून देते की. भाऊंचं दिलं तसं. ज्याला व्हायचंय गोरं त्याने येऊन मला सांगावं, किती करू. सांगेल तेवढं करते. पण जे काय करायचं ते मला दिसलं पाहिजे." मग तिला वाटलं आपण जास्तच बोललो, आणि ती जरा खालच्या आवाजात म्हणाली, "मला घरी जाऊन स्वयंपाक करता येतोय हो. तेवढं तरी राहू द्या."

गणराजने एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा दारातल्या माणसाकडे. "ऱ्हाऊ दे रे बाबा," तो त्याला म्हणाला. "बिल पाठीव." आणि जुना मॉनिटर स्वतः उचलून त्याने आत, रिकाम्या शाईच्या कॅनशेजारी नेऊन ठेवला.

कस्तुराला इतकं हलकं वाटलं की तिने शेजारच्या टपरीवरून सगळ्यांना चहा सांगितला. त्या माणसालासुद्धा.

चहा येईपर्यंत वर्षाली आली. नवीन मॉनिटर टेबलावरच बघून तिने आईच्या खांद्यावर थाप मारली. "जिंकलीस की!"

"बस. तुला एक दाखवायचंय. उद्याच्या माणसांना पाठवायला." कस्तुराने छापलेला फोटो तिच्या हातात दिला.

वर्षालीने तो घेतला. मग दाराशी उजेडात नेऊन बघितला.

"ही मीच आहे," ती म्हणाली, आणि हसली. "हा पाठवायचा? नक्की?"

"हो. का गं?"

"काही नाही." तिने फोटोची कड बोटाने नीट केली. "तो आधीचा होता ना... मला वाटायचं, तू मुद्दाम केलायस. म्हटलं, आईला मी तशी बरी वाटत असेन, तर असू दे."

हे ती अगदी सहज बोलली. रागाने नाही, रुसून नाही. भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तशी.

"अगं, मुद्दाम कुठलं! ती स्क्रीन..." कस्तुराने बोलायला सुरुवात केली. सांगायला सगळं होतं तिच्याजवळ. आतला दिवा म्हातारा झाला होता, अंधारात उजेड वाढवत गेलं की असं होतं, आबाजींचंही झालं, भाऊंचंही झालं, विचार गणाभाऊला. एकेक शब्द खरा होता. पण तिला तो दिवस आठवला. फोटो छापून आला तेव्हा तिने तो हातात घेतला होता, ह्याच दारात, ह्याच उजेडात, आणि तिथे कुठली स्क्रीन नव्हती. पोरगी उजळ आली होती. आणि ती खुश झाली होती. पेढे आणावेत असं वाटण्याइतकी खुश.

तिचं वाक्य तसंच अर्धं राहिलं. टपरीवाला चहा ठेवून गेला. वर्षालीने एक ग्लास आईच्या हातात दिला आणि तिच्या तोंडाकडे वाकून बघितलं.

"डोळे लाल झालेत तुझे. हाही मॉनिटर त्रास देतोय का?"

"नाही गं," कस्तुरा म्हणाली. "ह्याचा काही दोष नाही."